आखाजीच्या रात्री मांडलेले पंचवीस शब्द

आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळतात. इतरांना अक्षय तृतीया म्हटलं की सोनं आणि मुहूर्त आठवतो. खान्देशात त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, घरात पितरांच्या नावाने घागर भरलेली असते, आणि पुरुषमंडळी पारावर, ओट्यावर, जिथे सावली मिळेल तिथे गोल करून बसलेली असतात. रमी, तीन पत्ती, झन्नामन्ना. एरवी वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूसही त्या दिवशी बसतो आणि घरातलं कुणी त्याला काही म्हणत नाही.

आमचा कॉलेजचा गटही असाच बसायचा. एका आखाजीला डाव वाढत गेला, पैसे वाढत गेले, आणि रात्री उठताना दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. पुढे दोन वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. त्या रात्री पत्ते पिसत होतो मी, म्हणून ते मला जास्त लागलं. शेवटी दोघांना समोरासमोर आणल्यावर आम्ही सगळ्यांनी ठरवलं की आखाजीला एकत्र यायचं, घरच्यांसकट यायचं, पण पैसे लावून काही खेळायचं नाही. मग खेळायचं काय, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर मिळायला आणखी बराच काळ गेला.

मी अमळनेरला छपाईचा धंदा करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे अहवाल, असलं सगळं. गटात आम्ही आठ जण. मी आणि बायको. बापूचं इथेच किराणा दुकान आहे. आबा साक्रीकडचा, शेती करतो, बोलतो ते अहिराणीत आणि तेही मोजकं. ताई माहेरची आणि सासरची दोन्हीकडून रावेरची, शाळेत शिकवते. तिच्या नवऱ्याला आम्ही सगळेच दाजी म्हणतो, त्यांची केळी आहे. नाना पुण्यात संगणकाच्या कामात, आणि त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, पक्की पुण्याची.

२०२४च्या दिवाळीत नाना पुण्याहून दोन खोके घेऊन आला. पहिला होता कॅटानचा. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाने १९९५ साली काढलेला खेळ; षटकोनी तुकडे जोडून एक बेट मांडायचं, फाशांवर जो आकडा येईल त्या तुकड्यातून लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज मिळवायचं आणि त्यातून रस्ते, वस्त्या उभ्या करायच्या. बापूला तो इतका आवडला की काय सांगू. त्यात देवाणघेवाण करावी लागते, आणि बापू जन्मापासून गल्ल्यावर बसलेला. दोन फाशांवर सात येण्याचे छत्तीसातले सहा मार्ग, सहा आणि आठचे प्रत्येकी पाच, दोन आणि बाराचा एकेकच, हे त्याने पहिल्या दहा मिनिटांत बोटांवर मोजून काढलं आणि सहा-आठच्या कडेला वस्त्या टाकून बसला. पण हा खेळ तीन किंवा चार जणांचा. आम्ही आठ. उरलेले चौघे दीड तास फराळाच्या ताटाकडे बघत होते.

म्हणून दुसरा खोका उघडला. त्याचं नाव कोडनेम्स. व्लादा ख्वाटिल या चेक माणसाचा खेळ, २०१५ साली आलेला. दुसऱ्याच वर्षी त्याला जर्मनीत वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. मांडणी अगदी साधी. पंचवीस शब्दांची कार्डं पाच बाय पाच अशी पसरायची. दोन गट करायचे. प्रत्येक गटाचा एक म्होरक्या. दोन्ही म्होरक्यांसमोर एकच नकाशा असतो आणि तो बाकी कुणाला दिसत नाही. नकाशात नऊ शब्द एका गटाचे, आठ दुसऱ्याचे, सात कुणाचेच नाहीत, आणि एक शब्द मारेकऱ्याचा. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा बोलायचा, बस. 'पाऊस, तीन' म्हणजे पावसाशी नातं असलेले माझे तीन शब्द समोर आहेत, ते शोधा. गटाने चर्चा करून कार्डावर बोट ठेवायचं. चुकून दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलं तर पाळी गेली आणि त्यांचा फायदा झाला. मारेकऱ्यावर ठेवलं तर डाव तिथेच संपला, गट हरला.

मला खेळ ऐकताक्षणी आवडला. अक्षरांच्या धंद्यातला माणूस मी. पण खोक्यातले शब्द इंग्रजी होते. नुसते इंग्रजी असते तरी चाललं असतं, बहुतेकांना कामापुरतं येतं. पण ते तिकडच्या घरातले शब्द होते. लॉक नेस म्हणजे स्कॉटलंडमधलं एक तळं, त्यात म्हणे राक्षसी प्राणी राहतो. लेप्रेकॉन म्हणजे आयरिश गोष्टींमधला बुटका. नाना प्रत्येक शब्द समजावून सांगत होता, मनापासून सांगत होता, पण समजावून सांगितलेल्या शब्दातून माणसाला काही सुचत नाही. शब्दाला आठवण चिकटलेली असावी लागते, तर त्यातून दुसरा शब्द निघतो.

आबाने पहिल्या डावात एकदाही बोट पुढे केलं नाही. दुसऱ्या डावाला म्हणाला, "तुम्ही खेळा, मी देखस," आणि पाण्याचा जग भरून आणायला उठला. नंतर भिंतीला टेकून बसला तो थेट निघेपर्यंत. आबा हा आमच्यातला सगळ्यात जास्त म्हणी माहीत असलेला माणूस. कॉलेजात रात्री होस्टेलच्या गच्चीवर तो बोलायला लागला की आम्ही पुस्तकं मिटून ठेवायचो. त्या माणसाला शब्दांच्या खेळात बोलायला जागा मिळाली नाही, हे माझ्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी कागदाच्या कातरणावर शब्द लिहायला बसलो.

आधी वाटलं, त्यात काय, मराठी शब्द लिहायचे. शंभर लिहून झाल्यावर लक्षात आलं की निम्म्यांचा उपयोग नाही. 'तापमान' हा शब्द घ्या. त्याचा अर्थ एकच, त्याला एकाच बाजूने जाता येतं. या खेळाला शब्द हवा तो दोन-तीन दारांचा. 'पान' लिहिलं तर झाडाचं, विड्याचं, पुस्तकाचं, पत्त्याचं, जेवणाचं. 'हार' फुलांचा किंवा खेळातली. 'खोड' झाडाचं असतं आणि माणसालाही असते. 'मान' गळ्याची आणि लग्नातली. 'तार' विजेची, पोस्टाची, सतारीची, शिवाय माणूस तारेत असतो ती. 'वर' म्हणजे नवरा, देवाने दिलेला, आणि गच्चीवर जायचं तेही. 'कोट' अंगातला आणि किल्ल्याचा. 'नाव', 'कर', 'अंक', 'काळ', 'बोर', 'घाट', 'वात'. मग सुटतच गेलं. पत्रिकेचं प्रूफ तपासताना, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' वाचताना 'कृपा' सोडून 'पत्रिका' याच शब्दावर थांबलो. लग्नाची, जन्माची, आणि साहित्याची. तीन दारं! तेवीस वर्षं मी पत्रिका छापतोय आणि हा शब्द मला कधी दिसला नव्हता.

खान्देशी शब्दांचं काय करायचं हा प्रश्न लगेच आला. 'वावर' घ्या. प्रमाण भाषेत वावर म्हणजे ये-जा, असणं. आमच्याकडे वावर म्हणजे शेत. पुण्याच्या वहिनीला पहिला अर्थ आधी दिसणार, आम्हाला दुसरा. मी ठरवलं की अशाच शब्दांनी खेळाला मजा येईल, म्हणून ते वेचून घेतले. 'पाट' घेतला, 'फड' घेतला. शेवटी १६८ शब्द ठेवले. हा आकडा हिशेबाचा आहे: आमच्या १२ बाय १८ इंची शीटवर व्हिजिटिंग कार्डाच्या मापाची २४ कार्डं बसतात, सात शीट म्हणजे १६८.

छापताना पहिली चूक केली ती अक्षराची. पत्रिकेला वापरतो तो वळणदार फॉन्ट घेतला, दिसायला देखणा. खेळात लोक गोल बसतात, म्हणून प्रत्येक कार्डावर शब्द दोनदा छापायचा असतो, एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे समोरच्यालाही वाचता येतो. त्या वळणांत रफार कुठला आणि मात्रा कुठली हे आईला चष्मा लावूनही कळेना. सगळी शीटं बाजूला ठेवून शाळेच्या पुस्तकात असतो तसला साधा, ठसठशीत टाइप घेतला. कागदही बदलला. घरी चाचणीसाठी साध्या कागदावर काढलेली चिठोरी पंख्याने उडाली होती. गच्चीवर तर वारा असणार. ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड घेतलं, पत्रिकांच्या कामातून उरलेलं होतंच.

मूळ खेळात शब्द सापडला की त्यावर रंगीत कार्ड झाकतात. मला ते पटलं नाही. शब्द झाकला की मागून वाद घालायला काही उरत नाही. बायकोने सुचवलं, बांगड्या ठेवा. कासाराकडून एक डझन हिरव्या आणि एक डझन लाल काचेच्या बांगड्या आणल्या. कार्डावर बांगडी ठेवली की शब्द बरोबर मधोमध दिसतो. कुणाचेच नसलेले जे सात शब्द, त्यांना चिंचोके. मारेकऱ्याला एक काळं बटण. नकाशाची बारा कार्डं काढली. चौकोनी कार्ड चारही बाजूंनी फिरवता येतं, म्हणजे बाराचे अठ्ठेचाळीस नकाशे झाले.

'मारेकरी' या नावाला मात्र आईने हरकत घेतली. सणाच्या दिवशी घरात मारेकरी-मारेकरी ओरडायचं नाही. म्हणून तो 'विंचू' झाला. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली विंचू निघतोच, तेव्हा नावही नेमकं बसलं. गटांची नावं तापी आणि गिरणा.

नियम जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण मराठी भाषा इंग्रजीसारखी सुटी-सुटी नाही. मूळ नियम असा की समोर दिसणाऱ्या शब्दाचं कुठलंही रूप म्होरक्याला बोलता येत नाही. इंग्रजीत ते सोपं. मराठीत 'पाणी' समोर असेल तर 'पाण्यात' नाही हे कळतं, पण 'पाणवठा' चालेल का? 'पाणबुडी'? आम्ही ठरवलं, कानाला मूळ शब्द ऐकू आला तर नाही. विभक्तीचा प्रत्यय लावून बोलायचं नाही, कारण 'झाडावर' म्हटलं की एका शब्दात दोन खुणा होतात. जोडशब्द कोशात एकत्र लिहिलेला असेल तर एक धरायचा. आणि एक नियम खास मराठीसाठी केला: म्होरक्याने समोरची कार्डं मोठ्याने वाचायची नाहीत. कारण 'जग' हा शब्द लिहिलेला एकच दिसतो, पण दुनियेचा ज आणि पाण्याच्या जगचा ज वेगळा उमटतो का, हे बोलणाऱ्याच्या तोंडावर असतं. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, तिथे तर फरक स्वच्छ ऐकू येतो. उच्चाराने अर्थ फुटतो. ताईने फोनवर हे ऐकलं तेव्हा ती वर्गात शिकवते तशी उत्साहाने दंत्य-तालव्य सांगायला लागली.

बोलीचा नियम तिच्याच आग्रहाने झाला. आबा अहिराणी, ताई लेवा गणबोली. या दोघांचा जुना वाद आहे: आसोद्याच्या बहिणाबाईंची भाषा सरसकट अहिराणी म्हटली की ताई चिडते, आणि तिचं बरोबरही आहे, ती भाषा लेवा गणबोलीच. म्हणून नियम असा: कुठल्याही बोलीतला शब्द चालेल, फक्त बसलेल्यांपैकी आणखी एका माणसाला तरी तो माहीत असावा.

३० एप्रिल २०२५. बुधवार, आखाजी, आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे सगळे मुक्कामाला. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. इतका रस की दाजींनी चार वाटीनंतर मोजणं सोडलं. संध्याकाळी सहापर्यंत गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता. दोन वेळा पाणी मारलं तेव्हा फरशी निवली. साडेआठला सतरंज्या टाकल्या, जिन्याच्या खोलीतून वायर ओढून बल्ब लावला, आणि पंचवीस कार्डं मांडली.

पहिल्या डावात आमच्या तापीचा म्होरक्या मी, गिरणेचा बापू. माझ्याकडे आबा, ताई, वहिनी. त्याच्याकडे नाना, दाजी आणि माझी बायको. गिरणेची पहिली पाळी. बापूने बराच वेळ नकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "विप्रो, दोन."

नाना एकदम पुढे सरकला. त्याच्या क्षेत्रातला शब्द. समोर 'खिडकी' होतं. विप्रो म्हणजे संगणक, संगणक म्हणजे विंडोज, विंडोज म्हणजे खिडकी. दाजींनी मान हलवली. बायको काहीतरी बोलायला गेली तोवर नानाचं बोट खिडकीवर टेकलं होतं. खिडकी आमची होती. मी तिच्यावर हिरवी बांगडी ठेवली. बापू तोंडावर हात धरून बसला होता, कारण म्होरक्याला चेहऱ्यानेही काही सांगायची परवानगी नाही.

डाव संपल्यावर बापूने त्याचे दोन शब्द दाखवले: 'वनस्पती' आणि 'शेअर'. अमळनेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विप्रोचा जन्म आमच्या गावचा. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे तेलाची गिरणी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याच नावातली अक्षरं घेऊन पुढे विप्रो आलं. संगणक फार नंतर आले. इथे आधी वनस्पती तूप होतं. आणि शेअर म्हटलं की गावातल्या कितीतरी घरांची गोष्ट, कुणी घेऊन ठेवले, कुणी विकून टाकले. बायकोला दोन्ही शब्द लगेच दिसले होते. नाना म्हणाला, "पंधरा वर्षं याच धंद्यात आहे, आणि मला वनस्पती दिसलं नाही." त्यानंतर अर्धा तास खेळ थांबला आणि प्रत्येकाने आपापल्या घरच्या शेअरची हकिगत सांगितली. मी खेळ पुढे रेटला नाही. असा खोळंबा मला हवाच होता.

त्या डावात मी 'पेरणी, दोन' सांगितलं तेव्हा आबाने मागेपुढे न बघता 'वावर' आणि 'चाडं' यांवर बोट ठेवलं. चाडं म्हणजे पाभरीवरचं लाकडी तोंड, ज्यातून बी नळ्यांत सोडतात. वहिनीला हा शब्द नवीन होता. आबाने हाताची मूठ कशी धरायची, बी कसं सोडायचं, ते सतरंजीवर करून दाखवलं. दिवाळीपासून त्याने खेळात पहिल्यांदा हात पुढे केला होता. आम्ही तो डाव जिंकलो.

दुसरा डाव मांडायला लागलो तर आबाच म्हणाला, "आते माले बसू दे."

त्याच्यासमोर नकाशा ठेवला. गिरणेकडून माझी बायको. आबा पाच मिनिटं गप्प. बापू घाई करायला लागला तर ताईने त्याला थांबवलं. मग आबा म्हणाला, "पांझरा, दोन."

मी, ताई आणि वहिनी एकमेकांकडे बघायला लागलो. पांझरा ही धुळ्यातून वाहणारी नदी. समोर नदीशी संबंध लावता येतील असे चार शब्द तरी होते. 'घाट' होता, 'नाव' होती. वहिनी म्हणाली, नाव असणार, घाट असणार, सरळ आहे. ताई म्हणाली, थांब. पांझरेत नाव कुठे चालते? आबा शेतकरी आहे, तो नदीकडे काठावरून बघणार नाही, वावरातून बघणार. मग तिने 'पाट' वर बोट ठेवलं. बरोबर निघालं. वहिनीला पाट म्हणजे जेवायला बसायचा, आणि मला लग्नातला. ताईच्या डोळ्यासमोर पाण्याचा पाट होता. दुसऱ्या शब्दाला मात्र तीही अडली. समोर 'फड' होता. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड. मला आठवलं, कॉलेजात असताना आबाच्या गावी गेलो होतो तेव्हा त्याच्या वडिलांनी हा शब्द वापरला होता. मी बोट ठेवलं. आबाने स्वतः लाल बांगडीऐवजी हिरवी उचलली आणि माझ्या हातात दिली.

डाव अर्धवट ठेवून वहिनीने विचारलं, फड म्हणजे काय? आणि आबा बोलायला लागला. धुळे-नाशिकच्या बाजूला पांझरा, मोसम, आराम अशा नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून निघालेलं पाणी उताराने पाटात येतं, त्याला इंजिन लागत नाही, मोटर लागत नाही. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार भाग पाडलेले, त्या एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, मालक कितीही असोत. पुढच्या वर्षी पीक बदलतं. एका फडाला उसाचं पाणी मिळालं तर दुसऱ्याला गव्हाचं. पाणी वाटायला पाटकरी असतो, त्याला गाव धान्य देतं. आपल्या मनाने कुणी पाण्याचं बारं फोडायचं नाही. आबा हे सगळं मराठी-अहिराणी मिसळून सांगत होता, आणि बोटाने कार्डांमधल्या फटींतून पाणी फिरवल्यासारखं दाखवत होता. दाजी केळीवाले, त्यांचं सगळं पाणी विहिरी आणि बोअरचं, ठिबकचं. त्यांनी इतके प्रश्न विचारले की बायकोला सांगावं लागलं, पाळी आमची आहे.

डाव अटीतटीला आला. आम्हाला तीन शब्द हवे होते, गिरणेला एक. म्हणजे एकाच खुणेत तिन्ही घ्यायला हवेत. आबाने नकाशा दोनदा बघितला, कार्डं बघितली, आणि आनंदाने जवळजवळ ओरडला, "आखाजी, तीन!"

'झोका'. ताईने क्षणात घेतला. 'घागर'. मी घेतली. तिसरा?

वहिनी म्हणाली, "रस. दुपारपासून दुसरं काय खाल्लंय?" समोर 'रस' होतंच. मलाही रसच दिसत होता, हाताला अजून वास होता. ताई म्हणाली, रसच. आबाचा चेहरा मी बघायचा प्रयत्न केला, तर त्याने गमछा डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. आम्ही 'रस' वर बोट ठेवलं.

आबाने काळं बटण उचलून रसावर ठेवलं. विंचू.

गिरणेवाले उभे राहून नाचले. आबाने तिसऱ्या कार्डाकडे बोट केलं: 'पान'. पत्त्याचं पान. आखाजीचं पान. आम्ही ज्या पत्त्यांमुळे इथे, या गच्चीवर, या खेळाशी येऊन पोचलो होतो तेच. आबा म्हणाला, "पान सापडनं तं इतका खूश व्हयनू, रस माले दिखनाच नही." दोन वर्षं एकमेकांशी न बोललेले दोघे म्हणजे आबा आणि बापू. त्या क्षणी बापू नाचायचा थांबला, येऊन आबाजवळ बसला, आणि ते 'पान' लिहिलेलं कार्ड उचलून बराच वेळ हातात फिरवत राहिला. कुणी काही बोललं नाही. मग आबाच म्हणाला, "आखो एक डाव मांड."

आणखी एक म्हणता म्हणता पाच झाले. वहिनीने 'डाव, दोन' अशी खूण दिली. तिच्या घरी डाव म्हणजे आमटी वाढायचा, आमच्या घरी त्याला पळी म्हणतात, त्यामुळे आम्ही कुस्ती आणि पत्त्यांत शोधत राहिलो आणि हरलो. ताईने 'केळी' वरून 'खोड' आणि 'घड' काढून घेतले, ते तिच्या शेजारी बसलेल्या दाजींना विरुद्ध गटात असून हसू आवरेना. आई अकराला वर आली, खुर्चीवर बसली, आणि कुठल्याच गटात नसताना दोन शब्द मोठ्याने सांगून टाकले. फोडणीची खिचडी बाराला झाली. सतरंज्या गुंडाळल्या तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि वारा थंड लागायला लागला होता. बांगड्या मोजल्या, एक लाल फुटली होती.

सकाळी निघताना आबाने विचारलं, कोरी कार्डं आहेत का. मी दुकान उघडून त्याला एक गठ्ठा दिला.

पंधरा दिवसांनी साक्रीहून एसटीने पार्सल आलं. बॉलपेनने, एकेक अक्षर सावकाश काढून लिहिलेले ३१ शब्द. एका शीटवर बसतात २४. सात काढून टाकायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्या सातांची वेगळी चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. पहिलंच कार्ड होतं 'डांगर'. आमच्याकडे डांगर म्हणजे खरबूज, आखाजीला घागरीवर ठेवतात ते. मी वहिनीला फोन करून विचारलं, डांगर म्हणजे काय? ती म्हणाली, पापडाच्या पिठाचं, कांदा घालून कालवतात ते. तिच्यामागून तिच्या सासूबाईंचा, म्हणजे नानाच्या आईचा आवाज आला, "काय सांगतेस, डांगर फळ असतं!" फोन चालूच होता, आणि तिकडे दोघींचं जुंपलं होतं. मी आठव्या शीटच्या पहिल्या चौकटीत डांगर टाकलं आणि प्रूफ काढलं.